उलार

गेल्या दशलक्षण पर्वात, उत्तम आकिंचन्याच्या दिवशी, येथील मंदिरातील स्वाध्यायात रत्नकरंडक श्रावकाचाराचे वाचन चालू होते. समंतभद्राचार्यांनी परिग्रहपरिमाण व्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, ते क्रमाने वाचले गेले : अतिवाहन, अतिसंग्रह, विस्मय, लोभ आणि अतिभारवहन. वाचन करणाऱ्या बंधूंनी श्रोत्यांना विचारले, "आज आपल्यापाशी बैल नाहीत, घोडे नाहीत, ओझी वाहणारे हमालही नाहीत. मग यांतील पहिला आणि शेवटचा अतिचार आपल्याला कसा लागू व्हावा?" सभागृहात थोडा वेळ शांतता होती. मला त्या क्षणी उत्तर ठाऊक होते. परंतु ते सांगण्यास अर्धा तास लागला असता आणि त्यात माझ्या दोन चुकाही कबूल कराव्या लागल्या असत्या. म्हणून मी गप्प राहिलो. तेथे जे सांगितले नाही, ते येथे लिहीत आहे.

मी १९९६ साली न्यू जर्सीत आलो. येथे आल्यावर पहिली मोठी खरेदी केली ती एका जुन्या, दोन दारांच्या होंडा सिव्हिक गाडीची. १९९३ चे मॉडेल, रंग उडालेले, पण इंजिन प्रामाणिक. त्याच गाडीतून मी नोकरीवर गेलो, त्याच गाडीतून पत्नीला विमानतळावरून घरी आणले आणि त्याच गाडीतून आमचा मुलगा रुग्णालयातून घरी आला. पुढे दुसरी गाडी आली, तेव्हा ही सिव्हिक पेन्सिल्व्हेनियात राहणाऱ्या एका मित्राला दिली. त्याने ती काही वर्षे वापरली आणि इंजिन थकल्यावर गॅरेजात उभी केली. ती तेथेच धूळ खात राहिली.

मुलगा मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात असताना एकदा जुने फोटो पाहत बसला होता. एका फोटोत त्या गाडीच्या टपावर हात ठेवून मी उभा आहे, आणि माझे वय जवळजवळ त्याच्याइतकेच आहे. "ही गाडी अजून आहे का?" त्याने विचारले. मित्राला फोन केला. गाडी होती. मित्र म्हणाला, "घेऊन जा. जागा मोकळी होईल, तुझे उपकारच होतील." मुलाने ठरवले की ती दुरुस्त करायची आणि तिच्यावर ऑटोक्रॉस खेळायचे. एखाद्या मोठ्या रिकाम्या वाहनतळावर रबरी शंकू मांडून वळणांचा मार्ग आखतात. एका वेळी एकच गाडी त्यावरून जाते आणि लागलेला वेळ मोजला जातो, असा तो खेळ. गर्दी नाही, टक्कर नाही. मला तो खेळ फारसा पटला नव्हता. परंतु वीस वर्षांचा मुलगा सुट्टीचे दिवस बापाबरोबर गॅरेजात घालवायला तयार असेल, तर बापाने फार प्रश्न विचारू नयेत, एवढे शहाणपण मला आले होते.

गाडी आणण्यासाठी ओळखीच्या एका गृहस्थांकडून उघडा ट्रेलर मागून आणला आणि तो आमच्या एसयूव्हीला जोडला. मित्राच्या गॅरेजात सिव्हिक तोंड आत करून उभी होती आणि इंजिन चालू होत नव्हते. म्हणून तिच्या मागच्या बाजूला तार अडकवून, ट्रेलरवरच्या हातचक्राने ओढत ती ट्रेलरवर चढवली. म्हणजे गाडीची पाठ पुढे आणि तोंड मागे. पट्टे आवळले, साखळ्या लावल्या आणि निघालो. काही चुकले आहे असे दोघांच्याही मनात आले नाही.

पोकोनोच्या डोंगराळ भागात आंतरराज्य महामार्ग ८० वर एक लांब उतार लागला. वेग साठ मैलांच्या आसपास होता. बाजूने एक मोठा ट्रक पुढे गेला, त्याच्या वाऱ्याचा धक्का बसला आणि ट्रेलर किंचित डावीकडे गेला. मग उजवीकडे. मग अधिक डावीकडे. तीन-चार हेलकाव्यांत आमच्या एसयूव्हीची मागची बाजूही त्याच्याबरोबर डोलू लागली. मुलगा ओरडला. मी ब्रेक दाबला आणि हेलकावे वाढले. पाय उचलला. समोर चढ सुरू झाला, वेग आपोआप उतरला आणि ट्रेलर हळूहळू सरळ झाला. आमच्या मागे एक कुटुंबाची गाडी होती. मागच्या काचेतून लहान मुलाची खुर्ची दिसावी इतकी जवळ ती आली होती. ती आम्हाला ओलांडून गेली. मी रस्त्याच्या कडेला थांबलो. स्टीअरिंगवरचे हात सुटायला तयार नव्हते.

आणि तेथे, परदेशातील त्या महामार्गाच्या कडेला, माझ्या तोंडून एक शब्द आपसूक बाहेर पडला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत तो मी उच्चारला नव्हता. "उलार."

"म्हणजे काय, बाबा?" मुलाने विचारले.

आमचे गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठी. घरी ऊस होता आणि तो बैलगाडीतून कारखान्यावर जात असे. हौश्या आणि पाखऱ्या अशी आमच्या बैलांची नावे. हंगामात गाडीवर जितका ऊस रचता येईल तितका रचण्याची चढाओढ गावात चाले, कारण खेपा कमी झाल्या की पैसा वाचे. वडिलांचा, म्हणजे आण्णांचा, मात्र नेम होता. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपण आहे. सोसेल त्याहून अधिक ओझे जनावरावर लादणे म्हणजे त्याला मारल्यासारखेच, असे ते मानत. त्यामुळे आमची गाडी नेहमी इतरांपेक्षा बुटकी दिसे आणि आमच्या खेपा अधिक होत. कारखान्याच्या काट्यावर आमचे वजन पाहून लोक हसत. आण्णाही त्यांच्याबरोबर हसत आणि पुढच्या खेपेला गाडी तितकीच भरत.

मी अकरा वर्षांचा असताना एकदा त्यांच्या अनुपस्थितीत गाडी भरली. वजन बेतात होते, ते मी नेमाप्रमाणेच ठेवले होते. परंतु पुढच्या बाजूला चढून मोळ्या रचण्याचा कंटाळा आला, म्हणून बऱ्याच मोळ्या मागेच टाकल्या. बैल जुंपले मात्र, दांडी वर उचलली गेली, जू मानेवरून सुटले आणि गळ्याखालची जोती ताणली जाऊन पाखऱ्याला फास बसू लागला. शेजारच्या रानातून दोघे धावत आले, दांडीवर लोंबकळले, तेव्हा बैल मोकळा झाला. आण्णा आले. त्यांनी मला मारले नाही. एवढेच म्हणाले, "वजन किती हे अर्धंच झालं, बाळ. ते कुठं ठेवलंय हे दुसरं अर्धं. गाडी उलार झाली की बैल ओढत नाही, लटकतो. मानेवर थोडं वजन असावंच लागतं. फार नाही, पण थोडं."

हे सारे मी मुलाला रस्त्याच्या कडेला बसून सांगितले. तो ऐकत होता आणि त्याच वेळी फोनवर काही वाचत होता. मग त्याने मान वर केली. "बाबा, इथे याला टंग वेट म्हणतात. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या जोडावर यायला हवा. त्याहून कमी झाला की ट्रेलर असाच डोलतो." सिव्हिकचे इंजिन पुढे असते आणि तिच्या वजनाचा मोठा भागही पुढे असतो. आम्ही ती उलटी चढवल्यामुळे तो भाग ट्रेलरच्या चाकांच्या मागे गेला होता. वजन मर्यादेतच होते. जागा चुकली होती. अकराव्या वर्षी केलेली चूक मी पन्नाशीत पुन्हा केली होती, आणि या वेळी फास बसणार होता तो बैलाला नव्हे, मागच्या गाडीतल्या लहान मुलाला.

पुढच्या वळणावर महामार्ग सोडला. एका बंद दुकानाच्या आवारात गाडी उतरवली, हाताने ढकलून फिरवली आणि तोंड पुढे करून पुन्हा चढवली. अडीच तास गेले. त्यानंतर घरापर्यंत ट्रेलर मागे आहे की नाही, हे आरशात पाहिल्याशिवाय कळत नव्हते.

दीड वर्षात सिव्हिक चालू झाली. आता प्रत्येक वेळी ट्रेलर मागून आणणे योग्य नव्हते, म्हणून स्वतःचा घ्यावा असा विषय निघाला. पहिल्या स्पर्धेला आम्ही केवळ पाहायला गेलो होतो. तेथे काही मंडळींचे बंदिस्त ट्रेलर होते. पांढरेशुभ्र, आत दिवे, हत्यारांची कपाटे, बसायला जागा. त्यांना ओढणारे पिकअप ट्रकही तसेच अवाढव्य. मुलगा एका ट्रेलरपुढे बराच वेळ उभा राहिला. रत्नकरंडकात विस्मय हा अतिचार का गणला आहे, याचे मला अनेक वर्षे कोडे होते. आश्चर्य वाटण्यात दोष कोणता? दुसऱ्याचे वैभव पाहून डोळे विस्फारतात आणि आपल्या मापात बसणारी वस्तू एकाएकी अपुरी वाटू लागते, तो हा विस्मय. तो मी मुलाच्या चेहऱ्यावर पाहिला. खरे सांगायचे तर, माझाही चेहरा त्याहून वेगळा नसावा.

घरी येऊन कागदावर हिशेब मांडला. आमच्या एसयूव्हीची ओढण्याची मर्यादा ५००० पौंड. सिव्हिक सुमारे २३०० पौंड. वीस फुटी बंदिस्त ट्रेलर रिकामाच साडेतीन हजारांच्या घरात जातो. बेरीज ५८०० झाली. शिवाय बंदिस्त ट्रेलर वाऱ्याला भिंतीसारखा आडवा येतो, त्यामुळे वजनाच्या आकड्याहूनही तो ओढायला जड. म्हणजे बंदिस्त ट्रेलर घ्यायचा तर मोठा पिकअप ट्रक आला, ट्रकसाठी कर्ज आले, दोन्ही उभे करण्यासाठी जागा आली आणि जागेचे भाडे आले. एका वस्तूच्या मागे दुसरी कशी जुंपलेली असते, ते त्या कागदावर स्पष्ट दिसत होते. अतिसंग्रह म्हणजे एखादे मोठे पाप असते, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तो एका सोयीच्या पुढे दुसरी सोय, अशा लहान पायऱ्यांनी येतो.

उघडा ट्रेलर घेतला तर हिशेब बसत होता. अठरा फुटी पोलादी उघडा ट्रेलर सुमारे २००० पौंडांचा. गाडी धरून ४३००. चार जादा चाके आणि हत्यारे मिळून आणखी २५०. म्हणजे ४५५०. अॅल्युमिनियमचा घेतला तर पाचशे पौंडांच्या आसपास बचत होते, गंज लागत नाही आणि हिवाळ्यात येथील रस्त्यांवर टाकल्या जाणाऱ्या मिठाची भीती राहत नाही. परंतु किंमत बरीच अधिक. आम्ही वर्षातून मोजक्याच वेळा, आणि तेही बर्फ नसलेल्या महिन्यांत, तो वापरणार होतो. पोलादी पुरेसा होता.

मुलाने एक शंका काढली, ती सर्वांच्याच मनात येते. "बाबा, या ट्रेलरवर तर ७००० पौंड लिहिलं आहे. साडेतीन हजारांचे दोन आस आहेत. मग आपण साडेचार हजारांची एवढी चिंता का करतो?" मी म्हणालो, "आपली बैलगाडी दोन टन ऊस सहज पेलत होती. बैल पेलत नव्हते." ट्रेलरची मर्यादा निराळी, तो ओढणाऱ्या वाहनाची निराळी, मागच्या जोडाची आणि त्यातील गोळ्याची आणखी निराळी. या सर्वांत जी सर्वांत लहान, तीच आपली मर्यादा. आमच्या वाहनाच्या जोडावर ५०० पौंडांहून अधिक भार चालत नाही. एकूण ४५५० चे दहा टक्के म्हणजे ४५५. त्याहून कमी झाला तर गाडी उलार, ५०० हून अधिक झाला तर जोडावर अतिभार. केवळ ४५ पौंडांची फट, आणि त्या फटीत आम्हाला बसायचे होते. आण्णांचे "फार नाही, पण थोडं" मला असे आकड्यांत भेटले.

येथे माझी दुसरी चूक येते.

आण्णा २००९ साली गेले. त्यानंतर मी कुंभोज बाहुबलीला गेलो असता मुनिमहाराजांपुढे परिग्रहाचे परिमाण केले. इतर गोष्टींबरोबर, कुटुंबात तीनपेक्षा अधिक वाहने ठेवणार नाही, असा नियम घेतला. तेव्हा दोनच वाहने होती, त्यामुळे तो नियम घेताना काही सोडावे लागले नव्हते. आता एसयूव्ही, माझी कार्यालयात जाण्याची छोटी गाडी आणि सिव्हिक, अशी तीन झाली होती. ट्रेलर वाहन आहे का? प्रथम मी स्वतःला समजावले की त्याला इंजिन नाही, म्हणजे ते वाहन नव्हे. परंतु त्याची नोंदणी होते, त्याला क्रमांकाची पाटी मिळते, त्याला चार चाके असतात. बैलगाडीला तरी इंजिन कोठे होते? मग मी दुसरी पळवाट काढली. ट्रेलर मुलाच्या नावावर घ्यावा. मुलाने व्रत घेतलेले नाही.

पत्नी भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारले, "पैसे कुणाचे?"

"माझे."

"ओढणार कोण?"

"मीच, बहुतेक वेळा."

"मग नाव कुणाचंही घाला. तुम्ही महाराजांना फसवणार नाही, ते इथं नाहीत. स्वतःलाच फसवणार." थोड्या वेळाने ती म्हणाली, "ट्रेलर घ्यायचा असेल तर घ्या. पण मग एक काहीतरी जाऊ द्या."

परिग्रहाच्या व्रतात मायाचार मिसळला की व्रत आणि आर्जव दोन्ही जातात, हे मी इतरांना स्वाध्यायात सांगितलेले आहे. स्वतःवर आले तेव्हा ते मला भाजी निवडणाऱ्या पत्नीने सांगावे लागले. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख वस्तूंच्या मोजणीने नव्हे, मूर्च्छेने, म्हणजे आसक्तीने करून दिली आहे. त्या कसोटीवर तिन्ही गाड्या घासून पाहिल्या. सिव्हिक सोडवत नव्हती, आणि ती सोडवत नाही हीच मूर्च्छा, हेही कळत होते. परंतु तिच्यात मुलाचे श्रम होते. ती विकण्याचा अधिकार मला उरला नव्हता. शेवटी माझी छोटी गाडी विकली. स्थानक घरापासून सव्वा मैलावर आहे. आता मी चालत जातो आणि रेल्वेने कार्यालय गाठतो. पहिल्या हिवाळ्यात त्या निर्णयाचा मला अनेकदा पश्चात्ताप झाला, हे लपवत नाही. बर्फाच्या दिवशी स्थानकावर उभे असताना व्रताचे नेमके वजन कळते.

मग ट्रेलर पाहू लागलो. जुनाच घ्यायचा होता. समाजातील तरुण मंडळींपैकी कोणाला असा विचार करावयाचा असेल, तर आम्ही काय पाहिले ते थोडक्यात सांगतो.

प्रथम ब्रेक. येथील अनेक राज्यांत ३००० पौंडांच्या पुढे ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावे लागतात. आम्ही दोन्ही आसांवर विजेचे ब्रेक असलेलाच पाहिला. त्यांचे नियंत्रण चालकाच्या हाताशी बसवता येते. ट्रेलर डोलू लागला तर गाडीचा ब्रेक दाबायचा नसतो. वेगावरचा पाय उचलायचा, स्टीअरिंग सरळ धरायचे आणि हाताने केवळ ट्रेलरचे ब्रेक लावायचे. म्हणजे तो मागून ढकलण्याऐवजी मागे ओढतो आणि सरळ होतो. पोकोनोच्या उतारावर मी नेमके याच्या उलट केले होते. ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक आपोआप लागावेत म्हणून एक लहान विद्युतघट आणि ओढली जाणारी दोरी असते. ती चालते की नाही, ते प्रत्यक्ष ओढून पाहिले. एका विक्रेत्याकडे तो घट मेलेला निघाला.

दुसरे टायर. त्यांच्या कडेला छापलेल्या संकेताचे शेवटचे चार अंक त्यांचे वय सांगतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. एका ट्रेलरचे टायर नवे दिसत होते, खाचा खोल होत्या. परंतु अंक होते २३१४. म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलर बहुतेक वेळ उभा असतो. त्याचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. शिवाय ट्रेलरच्या अनेक टायरांची वेगमर्यादा ताशी ६५ मैल असते, ही गोष्ट मोकळ्या महामार्गावर विसरता कामा नये.

तिसरे तळ आणि उतार. लाकडी फळ्यांचा तळ स्वस्त असतो आणि एखादी फळी कुजली तर तेवढीच बदलता येते. मात्र फळ्या खालून टोचून पाहाव्यात. सिव्हिक बुटकी आहे. सपाट तळाला लावलेल्या आखूड फळीवरून चढताना तिचे तोंड घासते. म्हणून मागचा दोन फुटांचा भाग खाली उतरता असलेला ट्रेलर निवडला. आणखी एक गोष्ट पुस्तकात वाचून कळत नाही. गाडी चढवल्यावर आतून बाहेर यायला दार उघडावे लागते आणि ते नेमके ट्रेलरच्या चिखलरोधकावर आदळते. आम्ही काढता येणारा चिखलरोधक असलेला घेतला. नाहीतर प्रत्येक वेळी खिडकीतून बाहेर पडावे लागले असते, आणि ते मुलाला जमले तरी मला जमणारे नव्हते.

चौथे जोड. अशा ट्रेलरांसाठी गोळे बहुधा दोन मापांचे असतात, दोन इंची आणि दोन पूर्णांक पाच षोडशांश इंची. मोठ्या मापाचा जोड लहान गोळ्यावर बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात निसटतो. माप दोन्हींवर कोरलेले असते, ते वाचावे. साखळ्या जोडाखाली एकमेकींना फुलीसारख्या ओलांडून लावाव्यात, म्हणजे जोड सुटलाच तर दांडी जमिनीवर न पडता त्या झोळीत पडते.

असा ट्रेलर दोन महिन्यांनी मिळाला. टायर लगेच बदलले, चाकांच्या बेअरिंगमध्ये नवे ग्रीस भरले. पहिल्या दिवशी गाडी चढवून आम्ही तिची जागा शोधत बसलो. पुढच्या जोडावरचा भार मोजायला घरचा वजनकाटा पुरत नाही, तो तीनशे पौंडांपर्यंतच दाखवतो. मुलाने युक्ती केली. एक भक्कम लाकडी तुळई घेतली. तिचे एक टोक विटेवर आणि दुसरे काट्यावर ठेवले. विटेपासून एक फुटावर ट्रेलरची दांडी टेकवली, तेथून काटा दोन फुटांवर. काटा दाखवेल त्याची तिप्पट म्हणजे खरा भार. पहिला आकडा आला १३१, म्हणजे ३९३ पौंड. उलार. गाडी चार इंच पुढे घेतली. पुन्हा मोजले. आणखी तीन इंच. १५८, म्हणजे ४७४. मुलाने ट्रेलरच्या फळीवर पुढच्या चाकांच्या जागी पिवळ्या रंगाची रेघ ओढली. नंतर ट्रकथांब्यावरील मोठ्या काट्यावर एकूण वजन करून आणले. ते ४६०० च्या किंचित खाली भरले, आमच्या कागदावरच्या बेरजेहून थोडे अधिक. पण पाच हजारांच्या आत, आणि पुढचा भार अजूनही त्याच्या दहा टक्क्यांवर. कारखान्याच्या काट्यावर गाडी चढताना आण्णांच्या चेहऱ्यावर जे स्वस्थपण असे, ते मला त्या दिवशी समजले.

एक गोष्ट मात्र पूर्ण सुटलेली नाही. लोखंडाला वेदना होत नाहीत. अतिभारारोपण शास्त्राने सांगितले ते जीवांसंबंधी. ट्रेलर जीव नव्हे, परंतु त्याच्या पुढे, मागे आणि बाजूला जीवच असतात, म्हणून तो अतिचार येथे लागू होतो, असे मला वाटते. त्यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. शंकूंभोवती गाडी फिरवण्यासाठी शंभर मैल गाडी ओढत नेणे हा अनर्थदंड नव्हे काय? इंधन जळते, काचेवर किडे मरतात, आणि प्रयोजन काय, तर आनंद. हा प्रश्न मी मुलापुढे ठेवला. तो रागावला नाही. दोन दिवसांनी म्हणाला, "वर्षातून सहा वेळा. त्याहून जास्त नाही." हे उत्तर आहे असे मी म्हणणार नाही, परंतु परिमाण आहे. मागू नये तेवढे मी मागितले नाही आणि त्याने स्वतः होऊन जे दिले त्याचे मोल मला अधिक वाटते. सातव्या स्पर्धेचे निमंत्रण आले, तेव्हा त्याने ते मला दाखवलेही नाही. पत्नीकडून कळले.

आता तो नोकरीसाठी ओहायोत जाणार आहे. सिव्हिक घेऊन जाईल, ट्रेलर येथेच राहील. समाजातील दोन कुटुंबांनी विचारले होते, त्यांनाही तो लागेल तेव्हा नेता येईल असे ठरवले आहे. एका अटीवर. नेण्यापूर्वी तुळई, वीट आणि काटा घेऊन आमच्या अंगणात भार मोजायचा.

गेल्या महिन्यात निघण्यापूर्वीच्या शेवटच्या स्पर्धेला जाताना मुलाने सवयीप्रमाणे सर्व तपासले. पट्टे आवळले, दिवे पाहिले, साखळ्यांची फुली पाहिली. मग दांडीवर हात ठेवून म्हणाला, "उलार नाही, बाबा." त्याच्या मराठीत 'ळ' अजून नीट उमटत नाही आणि 'र' ला अमेरिकन वळण आहे. परंतु हा शब्द तो अगदी गावाकडच्यासारखा उच्चारतो. त्याने तो पुस्तकातून शिकलेला नाही.

पुढच्या पर्वात अतिचारांचे वाचन होईल तेव्हा तो प्रश्न पुन्हा निघालाच, तर मी हात वर करणार आहे. बोलायला अर्धा तास लागेल, एवढे वाचन करणाऱ्या बंधूंना आधीच सांगून ठेवीन.